पोलादाचं बारसं

विनीतला मुलगी झाली आणि तिचं नाव मनवा ठेवलं, ते साल दोन हजार तेवीस. त्याच साली मुंबईच्या रस्त्यांवरून जुन्या पद्मिनी टॅक्स्या गेल्या आणि विनीतचे वडील गंगाधर रिकामे झाले. उभी हयात त्यांनी कॉटन ग्रीनच्या गाळ्यात चेपलेल्या टॅक्स्यांचे पत्रे ठोकून सरळ केले होते. आता करी रोडच्या टॉवरमधल्या घरी बसून ते जेवणाच्या ताटावर बोटं आपटत आणि त्यांची बायको ललिता म्हणे, "ताट आहे ते, बॉनेट नाही."

अशात त्यांचा पुतण्या उन्मेष एक वाद्य घेऊन आला. पोलादाच्या दोन उथळ कढया तोंडाला तोंड लावून जोडल्यासारखं दिसत होतं. वर मधोमध एक उंचवटा, त्याच्याभोवती बोटांनी वाजवायचे खळगे आणि खाली पोटाला एक गोल भोक.

"काका, हे हँडपॅन. स्वित्झर्लंडात बर्न म्हणून गाव आहे, तिथे दोघांनी पहिलं केलं, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी. त्यांनी नाव ठेवलं हांग. त्यांच्या बोलीत हांग म्हणजे हात. ते नाव त्यांनी दुसऱ्यांना वापरू दिलं नाही. मग बाकीचे लोक हँडपॅन म्हणायला लागले."

"म्हणजे पोर एक आणि नावं दोन," ललिता म्हणाली.

"आपण तिसरं ठेवू. तुम्ही फक्त बनवा, काका."

गंगाधरांनी बनवलं. कितीतरी पत्रे फुकट गेले. एक मात्र जमलं. त्याचा आवाज घंटेसारखा नव्हता, हंड्यासारखाही नव्हता. कुणीतरी तोंड मिटून गुणगुणावं तसा होता. शेजारच्या गाळ्यातला कुशाबा वेल्डिंग थांबवून ऐकत उभा राहिला.

मनवाच्या बारशाचा पाळणा अजून घरात टांगलेलाच होता. वाद्याचंही बारसं करायचं, ही कल्पना उन्मेषची. त्याची बायको प्राची मोबाइलवर सगळं टिपणार होती. गंगाधरांच्या हातचं पोर, म्हणजे गंगाधरांची बहीण रखमा आत्या झाली. ती लालबागला एकटीच राही, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती हौसेने नऊवारी नेसून आली. वाद्य पाळण्यात घातलं, बायकांनी पाळणा म्हटला. खालचं भोक तोच कान, असं ठरवून रखमाने त्याला ओठ लावले आणि नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले.

ललिता घुगऱ्यांचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून आली ती हसतच.

"काय ठेवलंत नाव, वन्सं?"

"ललिता," रखमा म्हणाली.

पातेलं खाली ठेवलं तेव्हा अर्ध्या घुगऱ्या फरशीवर गेल्या.

त्यांच्या घराण्यात जित्या माणसाचं नाव पाळण्यात घालत नसत. माणूस गेलं की नाव मोकळं होई, मग ते नातवंडाला देत. कोकण सुटलं, गिरणी सुटली, तरी हे पाळलं होतं.

"मी मेले का?" ललिता म्हणाली. "सांगा ना. मेले का मी?"

"काकू, सन्मान आहे हो तुमचा. पोलादाला काय कळतंय?" उन्मेष म्हणाला.

"एवढा सन्मान आहे तर तुझ्या आईचं ठेवायचं होतंस. आणि वन्सं, तुम्ही? तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"दादा म्हणाला म्हणून सांगितलं गो, वैनी."

ललिताने नवऱ्याकडे पाहिलं. "मला वाटलं तुला आवडेल," गंगाधर पुटपुटले.

तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. लग्न, घर, टॉवरमधला मजला, सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. ती कुणाची काकू होती, कुणाची वैनी, कुणाची आई. ललिता म्हणून हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, आणि त्यानेच ते नाव वाटून टाकलं होतं.

संध्याकाळी गंगाधरांनी नेहमीसारखी बाहेरच्या खोलीतून हाक मारली. "ललिता!"

ओ द्यायला तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही. खोकून पाहिलं, पाणी प्यायली. रागाने घसा बसला असेल. पण लगेच दारात शेजारची रुपाली आली. "काकू, विरजण आहे?" म्हणाली, तर "आहे, थांब" हे शब्द खणखणीत निघाले.

पुन्हा हाक आली. "अगं ललिता!"

तोंड उघडं, घसा कोरडा. बाहेर कपाटावर ठेवलेलं वाद्य मात्र हलकंसं घुमलं. त्याला कुणी हात लावला नव्हता.

ललिता चार यत्ता शिकली होती आणि भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. तिने नवऱ्याला समोर बसवलं.

"मला हाक मारा."

"समोर तर बसलीयेस."

"मारा म्हणते ना!"

त्यांनी मारली. तिचे ओठ हलले आणि कपाटावरून आवाज आला. या वेळी घुमणं नव्हतं. स्वच्छ "ओ" होता. तो तिचाच होता, पण आताचा नव्हता. नवी नवरी असताना चाळीच्या नळावरून ती जशी ओ द्यायची, तसा.

गंगाधरांचा चेहरा उजळला. त्या उजळण्याचा तिला जो संताप आला, तसा आयुष्यात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गंगाधर वाद्य गाळ्यात घेऊन गेले. सूर लावायचे आहेत म्हणाले. मग रोजच जायला लागले, डबाही तसाच परत आणायला लागले. घरी हाक मारणं बंद झालं. "ऐक", "हे घे", "चहा टाक", एवढंच बोलत. एका दुपारी ललिता डबा घेऊन स्वतः कॉटन ग्रीनला गेली. गाळ्याच्या दाराशी कुशाबा अवघडून उभा होता.

"वैनी, तुम्ही तर बाहेर आहात," तो म्हणाला. "मग आत दादा कुणाशी बोलतायत?"

आत गंगाधर वाद्य मांडीवर घेऊन बसले होते. "ललिता," ते हळूच म्हणत. "ओ," वाद्य म्हणे. ते हसत. पुन्हा म्हणत.

ललिताने डबा भिंतीवर फेकला. गंगाधरांनी मान वर करून पाहिलं, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांना ही बाई कोण ते आठवेना.

ती तडक लालबागला गेली आणि रखमाला हाताला धरून गाळ्यात घेऊन आली. उन्मेषलाही बोलावून घेतलं.

"तुम्ही घातलंत, तुम्हीच काढा."

"वैनी, नाव ठेवलं की ठेवलं. काढतात कसं?"

"दुसरं घाला."

"काकू, व्हिडिओ सगळीकडे गेलाय," उन्मेष म्हणाला. "लोक त्याच नावाने मागतायत."

"तू गप! वन्सं, घाला दुसरं."

"कुणाचं घालू?"

"स्वतःचं घाला!" ललिता ओरडली. "माझं घालताना जीभ अडखळली नाही, आता आपलं घाला. बघू तुमचा सन्मान."

रखमा लाल झाली. तीही गंगाधरांचीच बहीण होती.

"घालते. मला मेलीला हाक मारतंय कोण?"

तिने वाद्य गंगाधरांच्या मांडीवरून ओढून घेतलं, उलटं केलं, भोकाला ओठ लावले.

नाव कुणाला ऐकू आलं नाही. आतला अंधार मात्र किंचित घुमला.

"आता मारा हाक," ललिता नवऱ्याला म्हणाली.

"ललिता."

"ओ!"

तिच्या घशातून आला. म्हातारा, चिरका, तिचा. ती खाली बसली आणि रडली. गंगाधर झोपेतून उठल्यासारखे बघत राहिले. मग त्यांनी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

"रखमे."

रखमाने तोंड उघडलं.

तिच्या हातातल्या पोलादातून पाच-सहा वर्षांच्या मुलीचा आवाज आला. "ओ, दादा."

रखमाचं तोंड तसंच उघडं होतं.

ललिताने ते पाहिलं. तिने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला. घरी चला."

नाव पुन्हा बदलायचं कुणी बोललं नाही. वाद्य आत ठेवून गाळ्याला कुलूप लागलं. माघात रखमाने अंथरूण धरलं. शेवटच्या सकाळी गंगाधर उशाशी बसून तिला हाका मारत होते. तेवढ्यात कुशाबाचा फोन आला. "दादा, गाळा बंद आहे ना? मग आत पोर कुणाचं आहे? सारखी ओ देतेय."

रखमा त्याच माघात, गणेश जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी लालबागला वारली.