आठाला घाबरणारा गुणफलक

"उद्याच्या अंतिम सामन्याला माझा पुतण्या गुण लावेल. तू घरी बस, धांदरट कुठली!" सेक्रेटरीकाकांनी भर मैदानात सुनावलं आणि ताईच्या हातून बटणांची पेटी काढून घेतली.

सायकलचं कुलूप काढताना ताईने डोळे पुसले, ते धाकट्या टिकलीने पाहिलं आणि तिचं पित्त खवळलं. सुट्टीतल्या बास्केटबॉल स्पर्धेत ताईची नजर क्षणभरही चेंडूवरून हलत नव्हती. फलक मात्र सामना ऐन रंगात आला की विझायचा, नाहीतर भलतेच आकडे दाखवायचा, आणि खापर फुटायचं ताईवर!

"ताईनेच चुकीचं बटण दाबलं असेल तर?" भोंगा म्हणाला. त्याची कुजबूजसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची.

"तर मी तुला उद्यापासून बासरी म्हणेन! फलक कधी कधी विझला ते आठव."

"परवा ८८–८६ ला, आज ६८–५८ ला," मोजपट्टीने सांगितलं. या उंच पोराला दिसेल ते मोजायची खोड होती. "११ ला, १७ ला काहीच झालं नव्हतं."

"म्हणजे फलक आठाला घाबरतो!" भोंगा ओरडला.

टिकली हसली नाही. "एक दाखवायला दिव्यांच्या किती पट्ट्या पेटतात? दोन. आणि आठाला? सातच्या सात! फलकाला वीज कमी पडतेय."

तिघांनी प्रशिक्षक बाईंना गाठलं. बाईंनी पेटी आणली आणि मोजपट्टीने बाबांचा व्होल्ट मोजायचा मीटर. गुण लावायच्या टेबलाजवळ बारा व्होल्ट भरले. फलकाजवळ ११–११ ला अकरा, आणि आकडे वाढवत नेले तसा मीटर उतरत उतरत आठावर आला. लगेच फलकाने मान टाकली!

टिकलीने फलकामागचा डबा उघडला. आत टेबलापासून आलेली वायर दारावरच्या घंटेला लावतात तसली बारीक!

"काका, तुम्हीच एकदा ८८–८८ लावून दाखवा ना," सेक्रेटरीकाका येताच टिकली गोड आवाजात म्हणाली. "ताईला काही जमत नाही बघा."

"बघ आणि शीक!" काकांनी ऐटीत बटणं दाबली. फलक गुडुप!

"काका, तुम्हीपण धांदरट?" भोंग्याने निरागसपणे विचारलं. बाईंनी हसू दाबायला तोंड फिरवलं.

टिकलीने डब्यातली बारीक वायर दाखवली तसा काकांचा चेहरा पडला. "पण फक्त बारा व्होल्ट आहेत! त्याला जाड वायर कशाला?"

"बारा आहेत म्हणूनच! मुळात थोडे, त्यातले चार वाटेत गेले तर उरलं काय?" टिकली म्हणाली.

बाई तिघांना घेऊन वीजसामानाच्या दुकानात गेल्या. दुकानवाल्या मावशींनी केबलचे तुकडे मांडले.

"ही घेऊ, जाडजूड आहे!" भोंग्याने चार सरळ तारांची केबल उचलली.

"वीज नीट जाईल," मावशी म्हणाल्या. "पण आकड्यांचा संदेशही त्यातूनच जाणार ना? शेजारून मोठ्या दिव्यांची वायर गेली असेल तर तो बिघडेल."

"गेली आहे! मग आकड्यांच्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या हव्यात," टिकली म्हणाली. "म्हणजे त्रास झाला तर दोघींना सारखाच होईल. फलक तर दोघींमधला फरकच वाचतो!" तिने शेवटचा तुकडा उचलला. त्यात विजेसाठी दोन जाड तारा होत्या, संदेशासाठी पिळलेली बारीक जोडी, आणि त्या जोडीभोवती बाहेरचा त्रास अडवणारं चंदेरी वेष्टण. "एकाच केबलमध्ये दोन्ही. आपली वायर जाते त्या पाइपात एवढीच मावेल."

"तुला दुकानात बसवायला हवं!" मावशी म्हणाल्या आणि जोडणी करायला स्वतः मैदानावर आल्या. वीज बंद केली, जुन्या वायरच्या टोकाला नवी केबल बांधली आणि पोरांनी "हेइसा!" करत ती पाइपातून ओढून घेतली. ८८–८८ लावल्यावर मीटर अकराच्या खाली उतरला नाही. भोंग्याने अशी आरोळी ठोकली की झाडावरचे पक्षी उडाले!

दुसऱ्या दिवशी मैदान खच्चून भरलं होतं. काकांनी माइक हातात घेतला. "फलकाची वायर मी चुकीची निवडली आणि दोष एका गुणी मुलीला दिला. या तीन मुलांनी माझे डोळे उघडले. ताई, माफ कर. ये, तुझी जागा घे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई ताठ मानेने टेबलाजवळ आली. बसण्याआधी तिने शेजारी आणखी एक खुर्ची ओढली आणि टिकलीचा हात धरून तिला बसवलं.

"चेंडूवर लक्ष ठेव," ताई म्हणाली, "आज आपण दोघी गुण लावणार आहोत!"