वाडग्यातले पितळी स्क्रू

मी जिथे काम करते तिथे विजेच्या बटणांच्या डब्या बनतात. डबीवर झाकण, झाकणाला स्क्रू, झालं. स्क्रू माणूस पिळत नाही, मशीन पिळतं, आणि मशीनला ते एकेक करून भरवायचं काम वाडग्याचं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण आम्ही वाडगाच म्हणतो, कारण दिसतो तसाच, मोठ्या कढईएवढा, स्टीलचा. वरून खोकं ओतायचं आणि बटण दाबायचं. वाडगा थरथरायला लागतो, आणि त्या थरथरीनं स्क्रू आतल्या कडेवरून वळणावळणानं वर चढतात, प्रार्थनेला निघालेल्या पोरांसारखे एकामागे एक. वरच्या टोकाला पत्र्यात एक खाच आहे. डोकं वर करून आलेला स्क्रू तिच्यातून पलीकडच्या रुळावर जातो. आडवा आलेला, उलटा आलेला, भलत्या मापाचा आलेला तिथूनच घसरतो आणि परत तळाशी. ती खाच मी स्वतः कानस मारून बसवली आहे. तिच्यातून भलतं काही जात नाही. ही बढाई नाही. पुढचं ऐकताना लोक आधी खाचेवरच शंका घेतात, म्हणून सांगून ठेवते.

त्या आठवड्यात माझं डोकं तसंही ठिकाणावर नव्हतं. लेक घरी यायची होती. तिनं लग्न आपल्या मनानं केलं, तिच्या वडिलांनी नको ते बोलून टाकलं, आणि ती जी गेली ती गेलीच. मधल्या काळात तिला मुलगी झाली, ती चालायला लागली, बोलायला लागली, आणि मी आजी असून तिला फक्त फोनच्या काचेत पाहिलं होतं. आता शनिवारी दोघी येणार होत्या, राहायला. हे शब्द मी मनात किती वेळा घोळवले असतील! आमचे हे तोंडानं काही कबूल करणाऱ्यातले नाहीत, पण गाद्या उन्हात घालून झाल्या होत्या, दाराची कुरकुर तेलानं बंद झाली होती, आणि नातीला मोरपंखी रंग आवडतो हे फोनवर ऐकल्यापासून वरच्या मजल्याचा लाकडी कठडा मोरपंखी करायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, ते लाकूड जुनं झालंय, आधी बघून तरी घ्या. तर म्हणाले, त्याला हत्ती टेकला तरी हलायचा नाही. आमच्या घरी अशा वेळी हत्ती नेहमी मदतीला येतो.

सोमवारी दुपारी मशीनवरचा लाल दिवा लागला. मशीन चालवणाऱ्या मुलीला आम्ही बडबडी म्हणतो, कारण ती बोलतच नाही. तिनं मला नुसतं बोटानं दाखवलं. रुळावर, खाचेच्या पलीकडे, आमच्या बारक्या स्क्रूंच्या रांगेत एक पितळी स्क्रू उभा होता. लाकडाचा, करंगळीएवढा लांब, जाडजूड. डोक्यावर रंग. टोक कुणीतरी कानशीनं घासून बोथट केलेलं, आणि तेही वाकडं. ज्यानं घासलं त्याला कानस धरता येत नाही, एवढं मला तिथेच कळलं.

मी बडबडीवर उखडले. आमच्याकडे एक वाईट खोड आहे. पाळी संपली की जमिनीवर सांडलेले स्क्रू झाडून घ्यायचे आणि सुपलीसकट वाडग्यात उलटे करायचे, वाया कशाला घालवा म्हणून. हजारदा सांगितलंय की खाली पडलेलं परत वाडग्यात टाकायचं नाही. त्या वाडग्यातून मी शर्टाची बटणं काढली आहेत, कानातल्याची फिरकी काढली आहे, संत्र्याच्या बिया काढल्या आहेत. बडबडीनं सगळं ऐकून घेतलं.

“मी काही टाकलेलं नाही, मावशी,” ती म्हणाली. “आणि टाकलं असतं तरी तो खाचेतून आला कसा?”

मी स्क्रू खाचेला लावून पाहिला. खाच त्याच्या अर्ध्या जाडीचीही नव्हती. मी तो एप्रनच्या खिशात टाकला आणि म्हटलं, कामाला लाग.

मंगळवारी तसाच दुसरा आला. मी वाडगा पूर्ण रिकामा केला, आतून फडक्यानं पुसला, सीलबंद खोकं स्वतः फोडून ओतलं. पुन्हा आला. साहेबांना दाखवला तर ते म्हणाले, कुणीतरी तुमची गंमत करतंय. गंमत करणारं तिथे बडबडीशिवाय कुणी नव्हतं, आणि ती बिचारी जेवणाच्या सुट्टीतही हसत नाही.

बुधवारी मी वाडग्यावर पारदर्शक झाकण घातलं, त्याला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि समोर स्टूल टाकून बसले. बडबडीला रुळाच्या टोकाशी उभं केलं. झाकणाखाली बारके स्क्रू चढत होते, फिरत होते, पडत होते, परत चढत होते. पितळेचा एक कण त्यात नव्हता. मग वाडग्याचा आवाज बदलला. बिघडला नाही, नुसता जड झाला. भरल्या बादलीनं दोरी ताणली की रहाटाचा होतो तसा. मी खाचेवरची नजर हलवली नाही. तिच्यातून एक बारका स्क्रू गेला, दुसरा गेला, आणि बडबडीनं माझा दंड धरला.

रुळावर पितळी स्क्रू उभा होता. तिनंही नजर हलवली नव्हती. तो आला कुठून हे आम्हा दोघींपैकी एकीलाही सांगता येईना. मी तो उचलून नाकाशी नेला. ताज्या फाटलेल्या लाकडाचा वास येत होता.

खरं सांगते, मी घाबरले. मशीनला मी कधी घाबरलेली नाही. मशीन बिघडतं, आपण दुरुस्त करतो, त्यात भ्यायचं काय? पण इथे बिघडलेलं काहीच नव्हतं. वाडगा इतका सुरेख चालला होता की मला त्याचा राग आला.

गुरुवारी पाळी संपता संपता आणखी एक आला. याच्या आट्यांमध्ये लोकरीचा धागा अडकला होता, पिवळा, हळदीच्या बोटांसारखा. ओढून काढायला गेले तर निघेना. आट्यांनी तो घट्ट पिळून धरला होता. बडबडी म्हणाली, मावशी, हे खिशात ठेवू नका. पण टाकायचे तरी कुठे? केराच्या डब्यात टाकायला माझा हात धजेना. मी ते तसेच घरी घेऊन गेले.

घरी ह्यांनी रंगाचा डबा आणून ठेवला होता, अजून न उघडलेला. ब्रश पाण्यात भिजत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कठड्याला हात घालणार होते. मी चहा टाकला आणि खिसा टेबलावर रिकामा केला. ह्यांनी चष्मा लावला, एक स्क्रू उचलला, उलटा केला, आणि त्यांची मुद्रा बदलली.

“हे तू का काढलेस?”

“काय काढलं?”

“कठड्याचे स्क्रू. टोकं पलीकडे निघून बोचत होती म्हणून तुझीच कानस घेऊन घासली होती मी. हे माझे स्क्रू आहेत. आणि डोक्याला हा रंग कसला फासलायस?”

मला हसू यायला हवं होतं. वाकडी कानस मारणारा माणूस माझ्याच घरात निघाला होता. पण मी आधी चहाखालचा गॅस बंद केला. मी म्हटलं, मी कशालाही हात लावलेला नाही, हे कारखान्यात सापडले. ते म्हणाले, काहीतरीच बोलू नकोस. आणि आम्ही दोघं जिना चढून वर गेलो.

आमच्या दोन खोल्या वर आहेत. दारासमोर अरुंद सज्जा, सज्ज्याला कमरेएवढा कठडा, आणि खाली फरशीचं अंगण. दिवस अजून मावळला नव्हता. कठड्याचे सगळे स्क्रू जागच्या जागी होते. पितळी डोकी, एकालाही रंग नाही. एकही भोक रिकामं नव्हतं.

“बघ,” हे म्हणाले. “सगळे आहेत. उगाच जीव घाबरवतेस.” आणि कठडा किती भक्कम आहे ते दाखवायला त्यांनी दोन्ही हात उचलले, अंग पुढे टाकलं.

मी त्यांचा सदरा मागून धरला. लग्न झाल्यापासून मी त्यांना असं कधी खेचलं नव्हतं. शिवण उसवली.

“हातानं नको,” मी म्हटलं. “झाडूच्या दांड्यानं ढकला.”

ते माझ्यावर ओरडणारच होते. माझ्याकडे पाहून ओरडले नाहीत. कोपऱ्यातला झाडू घेतला आणि दांड्याचं टोक मधल्या खांबाला लावलं. जोरही दिला नाही, नुसतं टेकवलं.

खांब गेला.

त्याच्याबरोबर सगळा कठडा गेला. आवाज काहीच नाही. आवाज झाला तो खाली फरशीवर पोचल्यावर.

आम्ही भिंतीला पाठ लावून उभे होतो. खांब जिथून मोडला तिथे आत लाकूड नव्हतंच. वाळवीनं सगळं खाल्लं होतं, वरचा पापुद्रा तेवढा ठेवला होता.

“परवा,” हे म्हणाले.

परवा शनिवार होता.

आम्ही खाली उतरलो. उपटून आलेले स्क्रू फरशीवर विखुरले होते. त्यांनी ते वेचले आणि टेबलावर माझ्या स्क्रूंशेजारी मांडले. मग त्यांनी जे केलं ते न करते तर बरं झालं असतं. त्यांनी जोड्या लावल्या. हातानं घासलेलं टोक दर वेळी वेगळं होतं. एक डावीकडे उतरतं, एकाला खरवड, एकाला मध्येच पायरी. माझ्या खिशातल्या प्रत्येक स्क्रूला त्यांच्यात हुबेहूब जुळा होता. तीच उतरण, तीच खरवड. फरक एवढाच, की अंगणातल्यांना रंग नव्हता.

त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. मग म्हणाले, सुताराकडे जाऊन येतो, आणि गेले.

शुक्रवारी मी रजा टाकली. सुतारानं जुन्या लाकडाचं नाव काढू दिलं नाही. लोखंडाचे खांब आले, भिंतीत आणि जमिनीत गाडले गेले, ह्यांनी प्रत्येकाला लाथा घालून पाहिल्या, आणि सुतार म्हणाला, काका, आता मोडायचा असेल तर हत्तीच लागेल. हे हसले नाहीत. दुपारी त्यांनी रंगाचा डबा उघडला. दुकानदाराकडे उभं राहून, हा घाल, तो घाल करत, त्यांनी तो मोरपंखी मुद्दाम मिसळून घेतला होता. डब्याचं झाकण सुटलं, आणि ब्रश तसाच हातात धरून ते माझ्याकडे बघायला लागले.

मी कारखान्यातल्या स्क्रूंपैकी एक आणून झाकणाच्या कडेवरच्या ओल्या रंगाशेजारी धरला. कुठला ओला आणि कुठला वाळलेला एवढाच फरक होता. “त्या जुन्या कठड्याला नुसता रंग मारून मोकळा होणार होतो मी,” ते हळूच म्हणाले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

शनिवारी दोघी आल्या. लेक दारात थबकली. ह्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली आणि मग तिलाच जवळ घेतलं. भांडण एवढ्यावर मिटलं. नात कुणाची वाट न बघता जिना चढून गेली. मी धापा टाकत मागे. ती थेट कठड्याकडे धावली, दोन्ही हातांनी गज धरले, पाय उचलले आणि लोंबकळली. “आजी, मोर!” म्हणाली. कठडा हलला नाही. इतकासुद्धा नाही.

मी पायरीवरच बसले आणि रडले, अगदी हुंदके देऊन. इतक्या वर्षांनी भेट झाली म्हणून आई रडतेय असं लेकीला वाटलं. वाटू दिलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या पायरीवर कळलं.

वाडगा त्यानंतर सुतासारखा सरळ आहे. सोमवारी कामावर गेले तेव्हा बडबडीनं नुसती मान हलवली. आलं काही? नाही. तेव्हापासून आजपर्यंत नाही. सुपली मात्र आता वाडग्यात कुणी उलटी करत नाही, तेवढा दरारा राहिला आहे.

पण शनिवारचं एक सांगायचं राहिलं. पायरीवर नात येऊन माझ्या कुशीत शिरली, तेव्हा कुठे मी तिच्याकडे नीट पाहिलं. अंगात हातानं विणलेला स्वेटर होता. पिवळा, हळदीच्या बोटांसारखा.

“कधी विणलास?” मी लेकीला विचारलं.

“रात्रभर विणत होते, आज गाडीत संपवला गं. काल संध्याकाळपर्यंत लोकरच मिळत नव्हती या रंगाची.”

मी पोरीला मांडीवर घेतलं आणि दोन्ही बाह्या, गळा, पाठ, सगळीकडून बोटं फिरवत गेले. तिला गुदगुल्या झाल्या, ती हसत सुटली. कुठेही एक टाका उसवलेला नव्हता.