मेणाखालचं गोंदण

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. रचत बसायला वेळ कुठंय? लेक झोपते तेवढ्यात लिहितेय.

मार्चमधली भर दुपार. सोलापुरात सात रस्ता चौकामागे आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. नवरा, प्रभुलिंग, अकलूजला साखर कारखान्यात. हंगाम संपेपर्यंत येणं नाही. दिवसभर मी आणि पाच महिन्यांची संस्कृती.

ती झोपली की मी चित्रं करते. लाकडावर चेहरा कोरायचा, शाई लावून पातळ कागदावर ठसा घ्यायचा. मग त्यावर मधाच्या पोळ्याचं मेण वितळवून थर द्यायचे. मेण गोठलं की खालच्या ठशाला कुणाचं बोटसुद्धा लागत नाही.

त्या दुपारी आईचं चित्र करत होते. मंद्रूपची काशम्मा. नात बघायच्या आधीच गेली. फोटो काढायचा म्हटलं की पदर ओढायची. त्यामुळे तिचा चेहरा म्हणून माझ्याकडे हे चित्र एवढंच. सगळा ठसा तांबूस. काळी शाई फक्त डोळ्यांत, आणि हनुवटीवरच्या गोंदणाच्या तीन ठिपक्यांत.

खालून घरमालकीण नागव्वा ओरडल्या, "काय शिजवालीस गं श्रीदेवी? जिनाभर वास सुटलाय की!"

"मेण हाय, मावशी!"

"मेण व्हय! मला वाटलं नवरा आला, पोळ्या करालीस!"

मी हसले. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. आता संस्कृती उठणार, रडणार...

रडली नाही.

आतून पाळण्याची कडी वाजत होती... कुईं... कुईं...

दारात गेले. पाळणा संथ हलत होता.

खोलीत कुणी नव्हतं.

लेक झोपेतच हसत होती. गालावर तीट. काळी, ओली.

मी लावली नव्हती.

बोटाला घेऊन हुंगली... काजळ नव्हे. छपाईची शाई. वर मेणाचा वास.

चित्रापाशी परत आले. मेणावर ओरखडाही नव्हता. पण हनुवटीवर ठिपके दोनच...

नवा ठसा घेऊन पाहिला. त्यातही दोनच. लाकडात मात्र तिन्ही कोरलेले, हाताला लागत होते.

संध्याकाळी फोनवर प्रभुलिंग म्हणाला, "तूच लावली असशील. झोप नाही तुला. मंद्रूपला जाऊन ये की."

"तिथं आता कोण आहे?"



काल दुपारी पुन्हा तीट. ठिपका उरला एक.

आज काजळाची डबी उघडून चित्रापुढे ठेवली. म्हटलं, "आई, हे घे की. स्वतःतलं नको देऊस."

मघाशी पाळणा हलून थांबला. डबीतलं काजळ जसंच्या तसं. लेकीचा गाल कोरा.

बरं वाटलं...

मग माझ्या कानामागे काहीतरी गार लागलं. हात लावला. बोट काळं.

लग्नाच्या दिवसापर्यंत आई मला तिथंच तीट लावायची.

चित्रातली हनुवटी आता कोरी आहे. काळं म्हणून उरलेत फक्त तिचे डोळे.

चित्र कपाटात बंद करून ठेवावं का? पण मग दुपारी इथं येणारं दुसरं आहे कोण?

डबी अजून उघडीच आहे.

हे लिहितेय, आणि आत कडी परत वाजायला लागलीय...

चित्र समोरच आहे. मान वर करून बघायचं धाडस होत नाहीये.