चांदीसारखी चेन

युबा पायडलवर उभा राहिला, चढाला भिडला, आणि टक्‌ असा आवाज झाला. सायकल एकीकडे गेली, युबा दुसरीकडे, आणि कासाब्लांकाहून मिरवत आणलेली त्याची टोपी थेट हाजी बुजमाच्या कोंबड्यांत जाऊन पडली.

"मी पडलो नाही," तो जमिनीवरूनच म्हणाला. "मी उतरलो."

"हनुवटीवर उतरतोस का नेहमी?" त्याची धाकटी बहीण इज्जा म्हणाली आणि ओढणीच्या टोकाने त्याचं रक्त पुसायला बसली.

त्यांची चुलत बहीण तिलिला मात्र हसली नाही. तो टक्‌ आवाज तिने आधी एकदा ऐकला होता. त्या दिवशी ती लाल कातळाच्या वळणावर उभी राहून आपल्या भावाची, अनिरची वाट बघत होती.

सुट्टी लागली होती, तफ्राउतच्या खोऱ्यात बदाम फुलले होते. खोऱ्यातले निम्मे पुरुष कासाब्लांकात किराणा दुकानं चालवतात, तसे युबाचे वडीलही. पोरं तेवढी सुट्टीला गावी येतात. उद्या बदामफुलांची जत्रा होती आणि जत्रेची सायकलफेरी. खिंडीच्या माथ्यावरून खाली बाजारचौकापर्यंत सगळा उतार. सायकली हाजीच्या, कारण खोऱ्यात डोंगरी सायकली दुसऱ्या कोणाकडे नव्हत्या. त्या भाड्याने देऊनच तो एवढा फुगला होता की दारातून निघताना आधी पोट यायचं, मग हाजी.

"नवीकोरी चेन तोडलीस?" पोटामागून हाजी आला. "कासाब्लांकात खायला काय घालतात रे तुला?"

"दुकानात जे खपत नाही ते सगळं," इज्जा म्हणाली.

तिलिलाने तुटलेली चेन उचलली. चेन कसली, चांदीचा हारच. उन्हात डोळे दिपवत होती. "नवी चेन तुटते कशी हाजी?"

"तुझ्या भावाची तुटली तशीच. तेल-पाणी न करता गावभर उंडारलं की तुटते. दुसऱ्यांच्या सायकलींची देखभाल करणारा, आणि स्वतःची चेन गंजलेली. जा, त्यालाच विचार."

बोलून तो टोपी टोचणाऱ्या कोंबड्यांना हाकलायला गेला. अशा माणसांना आपण काय बोललो ते नंतर आठवतही नाही. ऐकणाऱ्याच्या मात्र ते पोटात राहतं.

अनिर म्हणजे खोऱ्यातला सगळ्यात चलाख वाटाड्या. परदेशी पाहुणे त्याच्या मागून उतार उतरायचे. शरद ऋतूत लाल कातळापाशी त्याची चेन तुटली, तो दगडांवर आदळला आणि त्याचा गुडघा लाकडासारखा झाला. निष्काळजी पोरगा, असं हाजीने चहाच्या दुकानात सांगितलं आणि लोकांनी ते चहासोबत गिळलं. वाईट त्याचं नव्हतं. वाईट याचं होतं की अनिर गप्प राहिला. गाढवालासुद्धा उलट उत्तर देणारं ते पोर बायकांच्या पंगतीत बसून बदाम फोडू लागलं आणि एका शब्दाने काही बोलेना. तिलिलाला एवढंच हवं होतं. चूक अनिरची नव्हती, असं कोणीतरी भर चौकात म्हणावं.

"युबा, हाजीच्या दुकानातल्या फळीवरची ती पुठ्ठ्याची पेटी काढ. जिचं सील तुटलेलं नाही ती."

पेटीतून निघालेली खरी नवी चेन काळपट होती, तेलकट. तिलिलाने दोन्ही चेना एका खिळ्याला शेजारी शेजारी टांगल्या. इज्जाने कड्या मोजून सारख्या केल्या. चमकणारी चेन चांगली बोटभर खाली लोंबली.

"ही मोठी कशी?"

"वापरून वापरून आतल्या पिना झिजतात, मग चेन लांबते. अनिरदादाने शिकवलंय."

"म्हणजे ही म्हातारी आहे," इज्जा म्हणाली. "पावडर लावून नवरी म्हणून बसवलीय."

"आणि हाजीने आमच्या गळ्यात बांधली," युबा हनुवटी चाचपत म्हणाला. "बघ, गल्ल्याखाली अख्खी टोपली भरून आहेत."

टोपलीत तशाच चकचकीत चेना होत्या. प्रत्येक चेन निळ्या कापडाच्या पट्टीत गुंडाळलेली आणि वर एक गाठ, दोन कान असलेली, सशासारखी. युबा आणि इज्जा हाजीला शिव्या मोजत होती. तिलिला त्या गाठीकडे बघत राहिली. तिच्या घरात प्रत्येक बांगडी, प्रत्येक हार त्याच गाठीत बांधून गिऱ्हाइकाला दिला जायचा.

"घरी चला," ती म्हणाली. तिने तुटलेली चेन ओढणीत गुंडाळून घेतली.

*

बलईद आजोबांनी उभं आयुष्य तिझनित शहराच्या बाजारात चांदी घडवण्यात घालवलं होतं. आता डोळे मंदावले, पण गच्चीवरची खोली त्यांनी सोडली नव्हती. तिलिला वर गेली तेव्हा ते मातीच्या पातेल्यावर वाकले होते. पातेल्यात चांदी उजळायचं तेजाब होतं आणि त्यात काळी चेन उकळल्यासारखी बुडबुडत होती.

"लांब राहा, पोरी. वाफ डोळ्यांत जाते." त्यांनी चिमट्याने चेन उचलली, पाण्यात बुडवली आणि तिच्यासमोर धरली. लख्ख. "कशी आहे?"

"सुंदर," तिलिला म्हणाली, कारण खरंच सुंदर होती.

"माझ्या नातवाला घाणेरडा म्हणाले. बलईदच्या घरात काळं राहू देतात म्हणाले. हाजीला मी सांगितलंय, तुझ्या सगळ्या चेना आण, फुकट उजळून देतो. उद्या अख्खं खोरं बघेल या घरचं काम."

तिलिलाला पुढचं उत्तर ऐकायचं नव्हतं. तरीही तिने विचारलं. "आजोबा, अनिरदादाची पण उजळली होती का हो?"

म्हातारा हसला. लहान पोराने खिशातला खाऊ दाखवावा तसा. "पहिली त्याचीच. झोपला होता तो. म्हटलं, सकाळी उठून बघेल तर चकित होईल. आणि त्याच दिवशी नेमकं..." हसू विरलं. "निदान पडला तेव्हा चेन तरी स्वच्छ होती. कोणी कबूल करत नाही, पण होती."

*

अनिर परड्यात बदाम फोडत होता. काठी शेजारी पडली होती. तिलिलाने तुटलेली चेन त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने चेनेला हात लावला नाही.

"कुठून आणलीस?"

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

अनिरने हातातला बदाम खाली ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "पडलो तेव्हा ती माझ्या डोळ्यांसमोरच होती. उठता येत नव्हतं, म्हणून बघत बसलो. बाहेरच्या पट्ट्यांना पिनेपाशी तडे गेलेले. तेजाबाने चांदी उजळते गं, पण असलं कडक पोलाद आतून ठिसूळ होतं. शिळ्या भाकरीसारखं. चकाकी तेवढी वर राहते."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाला बोलू? आजोबांना? की तुम्ही प्रेमाने केलंत आणि त्यानेच माझा पाय गेला? ते वाचले असते का?" त्याने एक बदाम फोडला. "निष्काळजी म्हणतात तर म्हणू दे. माझं काय जातंय?"

तिलिलाला संताप आला आणि रडूही आलं, दोन्ही एकाच वेळी. "तुझं जातंय ते तूच बघ. पण त्यांनी हाजीच्या सगळ्या चेना बुडवल्यात, दादा. तुझं नाव राखायला. उद्या अर्धी शाळा त्यांवरून उतरणार आहे."

अनिरच्या हातातला दगड खाली पडला. त्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या गप्प बसण्याने एकच चेन झाकली जातेय, असं त्याला वाटत होतं.

भिंतीआडून युबाचा आवाज आला. "आम्ही चोरून ऐकत नव्हतो."

"मुळीच नाही," इज्जा म्हणाली. "आम्ही इथे रडत होतो."

हाजी ऐकणार नव्हता. लंगड्याला दुसऱ्यांचं चालणं बघवत नाही, असं म्हणायला तो कमी करणार नव्हता. लोकांना डोळ्यांनी दिसायला हवं होतं. आणि आजोबांच्या कानावर तेजाबाचं नाव जायला नको होतं. तडे दाखवायचे आणि जुन्या चेना नव्या म्हणून खपवल्याबद्दल हाजीलाच धरायचं, बस.

तडे दिसणार कसे, तेवढं तिलिलाला ठाऊक होतं. चांदीत केसाएवढा तडा असला तर काजळ तेलात कालवून चोळायचं आणि पुसायचं. वरचं निघून जातं, तड्यातलं राहतं. हे तिला आजोबांनीच शिकवलं होतं. तेव्हा ती त्यांच्या मांडीवर मावायची.

"आई, तुझी काजळाची डबी दे."

"कशाला गं? लग्न ठरलं का तुझं?" आई म्हणाली. पण तिने मुलीच्या डोळ्यांत बघितलं आणि डबी काढून दिली. वर अर्गानच्या बियांच्या तेलाची वाटीही दिली.

*

सकाळी खिंडीच्या माथ्यावर ढोल वाजत होते. सायकली ओळीने उभ्या होत्या, चेना उन्हात झगमगत होत्या. आजोबा धुतलेला झगा घालून सगळ्यांच्या पुढे, मानाच्या दगडावर बसले होते. शरदापासून घराबाहेर न पडलेला अनिर काठी टेकत गर्दीमागे उभा होता.

युबा हाजीपुढे गेला. चेहरा असा भोळा की सख्ख्या आईनेही ओळखू नये. "हाजी, एवढ्या देखण्या सायकली. दृष्ट लागेल हो. प्रत्येकीला थोडं काजळ लावू का?"

"शहरात राहून अक्कल आहे तुला," हाजी खूश झाला. "लाव, लाव. माझ्या सायकलीला जरा जास्त."

तिघं ओळीने चेना काजळायला लागली. पोरं हसली, बायकांनी जीभ नाचवून आनंदाचा स्वर काढला. इज्जा मागून फडक्याने पुसत गेली. पुसून झालं तसं हसणं विरत गेलं. चकचकीत पट्ट्यांवर पिनेच्या भोकापासून बारीक काळ्या रेघा उमटल्या होत्या. एका चेनेवर, दुसरीवर, तिसरीवर.

गावचा मुखिया खाली वाकला. "हे काय आहे?"

"तडे," तिलिला म्हणाली. अनिरने पुढे होऊन एक पट्टी पकडीत धरली आणि हलकेच वाकवली. ती वाकली नाही. तुटून मुखियाच्या पायाशी पडली.

मुलांच्या आया धावल्या आणि त्यांनी आपापलं पोर सायकलीवरून खेचलं.

"जुन्या चेना आहेत सगळ्या," युबा ओरडला. "नव्या म्हणून खपवतो हा."

घेरलेला हाजी घाबरला. घाबरलेला माणूस जवळ सापडेल त्याला पुढे ढकलतो. "मला काय विचारता? मी कुठे काय केलं? या बलईदने धुतल्या सगळ्या. त्याच्या तेजाबात. त्याला विचारा."

ढोल केव्हाच थांबले होते.

आजोबा उठले. चेन डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी त्या काळ्या रेघांवरून अंगठा फिरवला. त्या रेघांचा अर्थ तिथे त्यांच्याइतका कोणाला कळत होता? तिलिलाला वाटलं, काजळ लावणारे आपले हात कुठेतरी लपवावेत.

"अनिर," ते म्हणाले. "तुझ्या चेनेत हेच होतं?"

"नाही आजोबा." अनिर स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "माझी गंजली होती. मी तेल घालत नव्हतो. माझी चूक."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं. "खोटं बोलताना तुझा डावा कान हलतो. पाळण्यात होतास तेव्हापासून." मग ते लोकांकडे वळले. "ऐका. माझा नातू निष्काळजी नव्हता. त्याची चेन मी धुतली. त्याचा पाय माझ्या हातांनी गेला. आणि हे पोर तुमची बोलणी खात राहिलं, मला कळू नये म्हणून."

तिलिलाला हवे होते ते शब्द, भर खोऱ्यासमोर, हे असे आले.

मुखियाने फेरी थांबवली. पेटीतल्या खऱ्या नव्या चेना हाजीच्या खर्चाने बसवून, अनिरने एकेक तपासल्यावरच ती निघेल, असं ठरलं. मुखियाने तिन्ही मुलांच्या डोक्यांवर हात ठेवला आणि म्हणाला, या पोरांनी आज आमची घरं वाचवली. बायकांनी तिलिलाचे मुके घेतले, ओच्यात बदाम घातले. चहाच्या दुकानात सगळ्यात जास्त बोलणारे होते, ते अनिरजवळ येऊन त्याचा हात हातात घेऊन उभे राहिले. तिलिला गर्दीत आजोबांना शोधत होती. ते केव्हाच घराच्या वाटेला लागले होते, एकटे.

त्या दिवशी तेजाबाचं पातेलं त्यांनी स्वतः चुना टाकून रिकामं केलं.

सुट्टी संपेपर्यंत मग घरात रोज सकाळी एकच गोष्ट घडायची. आजोबा अर्गानचं तेल कोमट करून परड्यात यायचे, अनिरच्या पुढ्यात बसायचे आणि तो लाकडासारखा गुडघा चोळायचे. हळूहळू, चांदी घासावी तसे. गुडघा वाकायचा नाही. तो कधीच वाकणार नाही, असं अगादीरच्या डॉक्टरांनी शरदातच सांगितलं होतं. ते अनिरला माहीत होतं, आईला माहीत होतं, तिलिलाला माहीत होतं.

"आज जरा सैल वाटतोय का रे?" आजोबा विचारायचे.

"जरासा," अनिर म्हणायचा.

त्याचा डावा कान हलायचा. आजोबा तेव्हा मान खाली घालून तेलाच्या वाटीकडे बघत असायचे.