ओढा म्हटल्यावर

प्रेमला पीएच.डी.ची विद्यार्थिनी, लांज्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तिची प्रयोगशाळा रत्नागिरीत, आणि काम म्हणाल तर काचेच्या सुया करण्याचं. बारीक नळी दिव्यावर लाल करायची, दोघांनी दोन टोकं धरून ओढायची. टोक इतकं बारीक यायला हवं की कणभरच उजेड बाहेर पडावा, आणि सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारं त्या उजेडात दिसावं. शहाऐंशी साल होतं. आठ महिन्यांत एक सुई धड आली नव्हती, आणि उद्या तिचे मार्गदर्शक सर मुंबईहून येणार होते. सुई नसेल तर विषय बंद, असं त्यांनी पत्रातच लिहिलं होतं.

त्यात नेमका शिमगा. "बाय, घराकडं पालखी येतेय, मी चार दिस नाय हां," म्हणून शिपाई हरिश्चंद्र आपल्या नाटे गावाला निघून गेला. समोरचं टोक धरायचा तोच.

प्रेमला हट्टाला पेटली. समोरचं टोक स्टँडच्या चिमट्यात अडकवलं. भर दुपारी खिडक्या लावल्या, कारण तापलेल्या काचेचा रंग अंधारातच नीट कळतो. दिव्यापलीकडचं काही दिसेना. स्पिरिटचा वास, लांब कुठेतरी ढोल. नळी लाल झाली आणि सवयीने तिच्या तोंडून गेलं, "ओढा."

समोरचं टोक ओढलं गेलं. हलक्या हाताने, अगदी तिच्या बरोबरीने.

"कोण...?"

ज्योत तेवढी तिच्याकडे कलली, पलीकडे कुणी श्वास सोडावा तशी. पोरगी जाम घाबरली, खोटं कशाला सांगू. दाराकडे निघालीही. पण जाता जाता हातातली सुई तिने भिंगाखाली धरली आणि तिथेच थांबली. असली सुई तिने जन्मात पाहिली नव्हती.

ती परत बसली. नवी नळी घेतली. या वेळी दुसरं टोक चिमट्यात घातलंच नाही, नुसतं अंधारात पुढे केलं.

"ओढा..."

संध्याकाळपर्यंत बारा झाल्या. शेवटी शेवटी तर ती गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी एकेका सुईत उजेड सोडून पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "प्रेमला, विषय चालू राहील."

तिला इतका आनंद झाला की ती बाराही सुया पुन्हा मोजायला लागली.

"आता जोड्या दे. एक नळी ओढली की दोन्हीकडे सुई होते. समोरच्या बारा कुठायत?"

प्रेमलाने टेबल पाहिलं, खाली वाकून फरशी पाहिली. काचेचा कणही नव्हता.

"त्या... समोरच्याने नेल्या, सर."

"हरिश्चंद्राने? जोडीशिवाय मुंबईत कुणी मानणार नाही. त्याच्याकडून मागून घे."

"मागते," प्रेमला म्हणाली, आणि खिडक्या लावायला उठली.