दुष्काळी रस्त्यावरची बाबागाडी

व्यंकट, माळ्यावरची बाबागाडी तू आज दुपारी खाली काढलीस. फडक्यानं पुसलीस, चाकांना तेल घातलंस. उद्यापासून पोराला तीत बसवून पळायला जाणार म्हणतोस. जा की. तब्येतीला चांगलं असतं म्हणतात. मी कधी करून पाहिलेलं नाही. पण ती गाडी तुझ्या काकाच्या घरी आली कशी, ते ऐकून जा. सूनबाई, तूही बस.

मच्छिंद्र माझ्याबरोबर नळदुर्गजवळच्या एका गावी दूध सोसायटीत होता. तो सचिव, मी कारकून. म्हणजे काम मी करायचो आणि सह्या तो करायचा. खुर्ची, चहा आणि सभासदांच्या घरचे पेढे यांच्या जोरावर तिशीतच त्याचं पोट टेबलाला टेकलं. डॉक्टरांनी तंबी दिली, रोज चाला, घाम काढा, नाहीतर पुढच्या वार्षिक सभेत लोक तुमच्या नावानं दोन मिनिटं उभे राहतील.

त्याच वर्षी त्याला मुलगी झाली होती. दिवे लागले की पोर रडायला बसे, ती सगळ्या घराला दमवूनच थांबे. त्याची बायको सुमनबाई म्हणाली, "हिंडायलाच निघालात तर हिलाबी न्या. मला तेवढ्या भाकरी थापू द्या."

सोलापूरच्या जुन्या बाजारातून त्यानं ही गाडी आणली. गावानं असलं वाहन पाहिलेलं नव्हतं. पारावरचा दादामियाँ रोज विचारी, "क्यों सेक्रेटरी साब, दूध घालायला निघाले का? फॅट किती लागली आज?"

गावाबाहेर दुष्काळी रस्ता होता. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून केलेला, म्हणून ते नाव. तो कुठंच जात नव्हता. ओढ्यावरच्या पुलापाशी दुष्काळ संपला, म्हणून रस्ताही संपला. मच्छिंद्र तिथवर गाडी ढकलत जाई, बाभळीखाली लावी, चाकाला दगड देई आणि पुलाच्या कठड्यावर हात टेकून जोर काढी. पाठ गाडीकडं.

काही दिवसांत एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. त्यानं पाठ केली की गाडीच्या स्प्रिंगा हळू कुरकुरत आणि पोर गप होई. वाऱ्यानं गाडी हलते, असं त्यानं ठरवून टाकलं. वैशाखात आपल्याकडं तसला वारा कुठून येतो, हे सचिवाला कोण विचारणार? घरी त्यानं कौतुकानं सांगितलं. त्याची आई भिमाबाई जेवत होती. तिचा हात थांबला.

"कुठं थांबतूस तू?"

"पुलापाशी. बाभळीखाली."

"तिथं नगं थांबू."

"का? भूत हाय व्हय?" मच्छिंद्र हसला. "आई, आपण असलं कवाच सोडलंय."

"भूत म्हणते का मी? सरू म्हणते."

भिमाबाई त्या रस्त्याच्या कामावर होती. बायका लेकरांना लुगड्याच्या झोळीत घालून त्या बाभळीला टांगत. रीत अशी होती, की झोळीजवळून जाणाऱ्यानं एक झोका द्यायचा, लेकरू कुणाचंही असो. सरूबाई भिमाबाईच्या शेजारी बसून खडी फोडायची. हातोड्याखाली सापडून तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं तुटलेलं. एक दिवस तिचं लेकरू रडायला लागलं. मुकादम म्हणाला, शिट्टी झाल्याबिगर कुणी उठायचं नाही. लेकरू लई वेळ रडलं. मग थांबलं. बायकांना वाटलं, कुणी झोका दिला असेल.

"कुणीच दिला न्हवता," भिमाबाई म्हणाली. "शिट्टी झाली तवा सरू पळाली... पावसाळ्याआधी सरूबी गेली."

मच्छिंद्रनं ते ऐकून घेतलं. पण पोर दुसरीकडं कुठंच झोपत नव्हती. दुसऱ्या दिवशी तो निघालाच.

साल त्र्याऐंशी. बुद्धपौर्णिमेची आदली रात्र. घरात खिरीचे गहू भिजत घातलेले. कामाच्या गडबडीत निघायला उशीर झाला, नऊ वाजून गेले होते. चांदणं असं, की रस्त्यावरची खडी मोजून घ्यावी.

त्यानं गाडी लावली. चाकाला दगड दिला. पाठ केली.

पोर रडत होती.

कुईं... कुईं...

पोर थांबली.

वारा नव्हता. बाभळीची शेंगसुद्धा हलत नव्हती. मच्छिंद्रचे हात कठड्यावर तसेच राहिले. मान वळवायची होती... वळेना.

मग कुईं कुईंही थांबलं.

तो वळला.

दगड चाकाशी होता. गाडी जागेवर होती.

गाडीत पोर नव्हती.

बाभळीला झोळी लटकत होती. मळक्या लुगड्याची. हलत होती. ढकलणारं कुणी नव्हतं... झोळीतून पोरीचा पाय बाहेर आलेला.

तो धावला. हात घातला. झोळी निसटली. पुन्हा घातला. झोका वाढला. फांदी करकरायला लागली. झोळी कठड्याच्या पलीकडं जाऊन येऊ लागली. खाली कोरडा ओढा. नुसते दगड.

"सोड..." तो म्हणाला.

झोका आणखी वाढला.

तेवढ्यात मागून धापा टाकत भिमाबाई आली. तिला घरी राहवलं नव्हतं. ती झोळीकडं धावली नाही. रस्त्यातच उभी राहिली आणि शेजारणीला हाक मारावी तशी म्हणाली,

"सरू... शिट्टी झाली गं."

झोका थोडा कमी झाला.

"ऊठ बाय. काम सुटलं. ही माझी नात हाय. दे माझ्याजवळ."

झोळी थांबली.

भिमाबाईनं पोर उचलली. पोर गाढ झोपली होती. निघताना म्हातारीनं रिकाम्या झोळीला एक झोका दिला. मग गाडी तिथंच टाकून दोघं घरी आली.

सकाळी मच्छिंद्र गेला तेव्हा झोळी नव्हती. गाडी होती. ती त्यानं आणून माझ्या गळ्यात मारली. म्हणाला, "तुमच्याकडं ठेवा. तुम्ही काही व्यायाम करणार नाही." फुकटची वस्तू, कारकुनानं नाही कशाला म्हणावं?

तिच्या दांड्याला काळं रेक्झिन आहे. मच्छिंद्रनं ते पुसलं होतं. मी सोडा लावून पुसलं होतं. आज दुपारी तू पुसलंस ना? चकचकीत झालं म्हणालास.

जा. बॅटरी घेऊन जा. ओसरीवरच आहे गाडी. दांडा बघ.

सूनबाई, पोराला जवळ घे.

...

काय रे? बोल की.

पांढरं आहे ना? खडीच्या भुकटीसारखं? दोन पंजे... हां. उजवा पुरा असेल.

आता डावा बघ.

मधलं बोट.