आत्याची सनद कोणी काढली?

"वकिलानं चूक केली तर त्याला शिक्षा कोण करतं?" टकळीने घास तोंडात असतानाच विचारलं, आणि आत्याच्या हातातला डाव पातेल्यावरच थबकला.

प्रश्न साधाच होता. कोणावर कोणाचा अधिकार चालतो, याबद्दल टकळीला वर्गात बोलायचं होतं. तिच्या अखंड बडबडीमुळे आजोबांनीच तिचं नाव टकळी ठेवलं होतं. शिवाय आजोबा वकील, बाबा वकील. विचारायला घराबाहेर जायची गरजच काय? आत्याही एके काळी वकील होती, पण त्याबद्दल या घरात कोणी बोलत नसे.

"न्यायाधीश करतात," आत्याचा भाऊ, म्हणजे टकळीचा बाप, ताटातून मान वर न करता म्हणाला.

"चूक," आजोबा गरजले. कायद्याची चूक त्यांना भातातल्या खड्यासारखी लागे. "वकील कोर्टात उद्धटपणा करील तर न्यायाधीश दंड करतील, फार तर तुरुंगात धाडतील. पण वकिली करायची परवानगी, म्हणजे सनद, ती वकिलांची परिषद देते. काढून घ्यायची तर तिच्या शिस्त समितीने."

"समितीत कोण असतं?"

"वकीलच."

"म्हणजे मांजराला मांजरंच शिक्षा करणार? मग ती एकमेकांना सोडून नाही देणार?"

टकळीच्या आईला, म्हणजे आत्याच्या वहिनीला, हसू आलं. आजोबांच्याही मिशा हलल्या. "म्हणून तर वर सर्वांत मोठं कोर्ट बसलेलं आहे. तिथे दाद मागता येते."

"आणि समिती लगेच सनद काढते?"

"छे. आधी तक्रार लागते. मग वकिलाला नोटीस. मग त्याचं म्हणणं ऐकायचं, नीट, शेवटपर्यंत. ऐकून न घेता शिक्षा केली तर ती शिक्षाच नव्हे, ती नुसती दांडगाई."

"मग आत्याचं म्हणणं कोणी ऐकलं होतं?"

कोणाचाच हात ताटाकडे गेला नाही. टकळीने एकेकाकडे पाहिलं. आपण काय वावगं बोललो, हे तिला खरोखरच कळेना. "आई म्हणाली होती, आजोबांनी आत्याची वकिली बंद केली. पण आजोबा, तुम्ही तर समिती नाही..."

टकळी जन्माला यायची होती तेव्हाची गोष्ट... पण कालच घडल्यासारखी आत्याच्या अंगावर आली.

घरच्या वकिली कचेरीची एक सोयीची रीत होती. अंथरुणाला खिळलेल्या पक्षकाराची सही घरी जाऊन आणायची आणि 'माझ्यासमोर शपथ घेतली' हा शिक्का सवडीने मारायचा. शिक्का कचेरीचा, हाताशी असेल तो मारी. भावाने एका आजारी म्हातारीची सही आणली, कागद पिशवीत तसाच राहिला, आणि दोन दिवसांनी त्याने शिक्का मारला, तोही मारल्या दिवसाचीच तारीख घालून. मधल्या दिवशी म्हातारी गेली होती! भर कोर्टात विरुद्ध बाजूचा वकील म्हणाला, "बाई शपथ घ्यायला वरून खाली आल्या होत्या वाटतं," आणि सारं कोर्ट हसलं. कागद बाद झाला, खटला गेला. परिषदेकडे मात्र कोणीच तक्रार केली नाही.

घरी आल्यावर बाबांनी, म्हणजे टकळीच्या आजोबांनी, एकच विचारलं होतं, "शिक्का कोणी मारला?" भाऊ पांढराफटक पडला होता. त्याला नुकतीच सनद मिळालेली, वहिनीला दिवस गेलेले... आणि आत्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "मी." बाबा म्हणाले, "उद्यापासून कोर्टात पाऊल टाकायचं नाही." तिने टाकलं नाही. मागच्या खोलीत बसून ती मसुदे लिहीत राहिली आणि भाऊ ते कोर्टात वाचत राहिला. बापाचा शब्द हाच कायदा, असं ती मनाला समजावत आली होती. पण आज त्याच बापाच्या तोंडून खरा कायदा ऐकला, आणि तिच्या मनात आयुष्यात प्रथमच एक विलक्षण कुतूहल जागं झालं: मग आपली सनद आहे तरी कुठे?

"बाबा," तिने हळूच विचारलं, "वकिलांच्या यादीतून माझं नाव कोणी काढलं होतं का?"

म्हाताऱ्याने मान हलवली. "नाही. कोण काढणार? मला तो अधिकार नव्हता, पोरी. मी तुझी बाजूही ऐकली नाही." मग पक्षकाराला विचारावं तशा सौम्य आवाजात ते म्हणाले, "आज ऐकतो. सांग."

ती बोलणार, तोच भावाने ताट दूर सारलं. "तिला काय विचारता? शिक्का मी मारला होता."

वहिनीने पदर तोंडाला लावला.

"ताई, तू माझ्यावर उपकार केलेस असं तुला वाटतं," भाऊ म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "पण कोर्टात तुझं वाक्य वाचताना दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. शिक्षा तू भोगलीस आणि मला कधी सुटल्यासारखं वाटलंच नाही. मी समितीला सगळं लिहून देणार आहे. माझी सनद गेली तर जाऊ दे."

"वेडा आहेस," ती डोळे पुसत म्हणाली. "लिहून दे. पण मसुदा मला दाखव, तुझी वाक्यं लंगडी असतात."

काही महिन्यांनी सुनावणी लागली. समितीची खोली लहान होती. लांब टेबल, पलीकडे तीन वकील, खिडकीपाशी गुरगुरणारा पंखा. भिंतीलगतच्या बाकावर आजोबा बसले होते आणि त्यांचा हात धरून टकळी, कारण आजोबांनी सांगितलेलं खरंच तसं असतं का, हे तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. भाऊ उभा राहिला.

"आपली बाजू कोण मांडणार?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

भावाने मागे वळून पाहिलं. आत्या खुर्चीतून उठली.

"आपण कोण?"

"मी वकील आहे," ती म्हणाली. "यादीत नाव आहे, पाहून घ्या."

अध्यक्षबाईंनी यादीवरून बोट फिरवलं, थांबवलं, आणि मान डोलावली. "बोला. आम्ही ऐकतोय."

"चूक झाली, हे माझ्या पक्षकाराला मान्य आहे," आत्या म्हणाली, आणि अगदी सुरुवातीपासून, न चुकवता, खरं ते सांगू लागली.